गॅस गीझर आणि न्हाणीघराचा झरोका

थंडी पडली की न्हाणीघराचा झरोका आधी बंद होतो. कुणी काच ओढून घेतं, कुणी फटीत जुनं फडकं कोंबतं. आत गॅस गीझर असेल, तर हेच जिवावर बेततं.

एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण 12 घनमीटर हवा लागते. पाच बाय सहा फुटांच्या न्हाणीघरात जेमतेम सात घनमीटर हवा मावते, आणि त्याच हवेत आपणही श्वास घेत असतो. प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळतात. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. कडी काढायचं सुचलं, तरी हात तिथवर पोहोचत नाही.

गीझर ड्राय बाल्कनीत किंवा मोकळ्या हवेत बसवावा आणि फक्त गरम पाण्याचा नळ आत घ्यावा, हे उत्तम. गीझर आतच असेल, तर वर आणि खाली दोन्हीकडे कायम उघडी जाळी हवी: वरून धूर जातो, खालून ताजी हवा येते. बादली भरून गीझर बंद करून मगच अंघोळीला बसावं. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, तर त्याच दिवशी मेकॅनिकला बोलवा.