मुलाखतीची खुर्ची



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा आठवीत शाळा सुटलेला इसमही कधी काळी अशा व्यासपीठावर उभा राहील, हे त्यांच्या मनात आले होते की नाही कोण जाणे. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, वडील घरी बसले, आणि पुढल्याच वर्षी परळची खोली सोडून आम्ही भाईंदरला आलो. आमचे पुढचे शिक्षण झाले ते पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत, आणि रात्री जे वाचनालय उघडे सापडेल त्यात. तेव्हा श्रोत्यांनी विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. चिटणिसांनी 'कामगार चळवळीचे भवितव्य' असा भारदस्त विषय सुचविला होता. आम्ही म्हटले, भवितव्याचे पुढे पाहू. आज आपण नोकरीच्या दाराशी माणसाला कसे वागवितात त्याविषयी बोलू.

सकाळच्या गाडीला भाईंदर स्टेशनावर उभे राहिले की ही मंडळी ओळखू येतात. शर्टाला कडक इस्त्री, चपलेऐवजी बूट, हातात प्लॅस्टिकची फाईल. गर्दीत ती फाईल डोक्यावर धरलेली असते. अंग चेंगरले तरी चालेल, पण प्रशस्तिपत्र चुरगळता कामा नये. हा मुलगा दीड तास उभा राहून साहेबाच्या कचेरीत पोचतो, तिथे आणखी दोन तास बसतो, आणि मग चार मिनिटांत काय काय ऐकून परत येतो, ते आमच्या युनियनच्या कचेरीत संध्याकाळी आमच्या कानी पडते.

आमची स्वतःची पहिली मुलाखत १९८९ सालची. अंधेरीच्या बाजूला एका कारखान्यात हेल्परची जागा होती. साहेब जेवत होते. जेवता जेवता त्यांनी आमचा अर्ज डाव्या हाताच्या दोन बोटांत धरला, वर न पाहताच विचारले, "भाईंदर? म्हणजे मिठागरातला का रे?" आणि हसले. शिपाई हसला. आणि बंधुभगिनींनो, आम्हीही हसलो. नोकरी मिळाली नाही, ते दुःख महिन्याभरात विसरलो. साहेबांचे हसणेही विसरलो असतो. पण त्यांच्याबरोबर आपणही हसलो, हे आज इतक्या वर्षांनीही विसरता येत नाही. मिठागरात राबणे यात हसण्यासारखे काय होते? आपल्या गावचे मीठ खाऊन मुंबई जगली, आणि आम्ही त्या मिठाची थट्टा होताना दात दाखविले!

आता ही गोष्ट आजची आहे असे कोणी समजू नये. आमचे आजोबा रत्नागिरीकडून गिरणीत आले, तेव्हा माणूस घेणे आणि काढणे जॉबरच्या हाती होते. गिरणीच्या फाटकाशी पहाटे बदलीवाले उभे राहत, जॉबर त्यांच्यातून बैलबाजारात फिरल्यासारखा फिरे. त्याला दस्तुरी द्यावी लागे. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. १९३१ साली व्हिटली कमिशनने आपल्या अहवालात स्पष्ट लिहिले की जॉबरच्या हातून नोकरभरती काढून घ्या, त्यासाठी स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमा. १९३५ पासून मालक संघाने बदलीवाल्यांना कार्डे द्यायला सुरुवात केली. पद्धत हळूहळू सुधारली. पण जॉबर खुर्चीतून उठला तरी त्याची भाषा खुर्चीतच राहिली, असे आम्हांस वाटते.

आणि सगळे पाप जॉबरच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. विणकाम खात्यात पगार जास्त; पण तिथे अस्पृश्य समाजातील माणसाला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, आणि बाकीच्या कामगारांना विटाळ होई. अडवणूक करणारे केवळ मालक नव्हते, आपलेच कामगार बंधू होते. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न चळवळीच्या तोंडावर मांडला. युनियनच्या माणसाने हा इतिहास सांगताना खाली मान घालूनच सांगावा.

आज असे कोणी उघड विचारीत नाही. आज विचारतात, "फॅमिली बॅकग्राऊंड सांगा." मोठ्या गोड आवाजात. वडील काय करतात, मूळ गाव कुठले, गावात घर कोणत्या बाजूला. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी एक प्रयोग केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रातील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठविले. फरक फक्त नावाचा. सवर्ण हिंदू नावाच्या मानाने दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुसलमान नावाला सुमारे एक तृतीयांश. म्हणजे आमच्या मीरा रोडच्या कित्येक पोरांची मुलाखत पाकीट फोडतानाच संपलेली असते.

हे साहेब लोक आता उद्धटपणालाही शास्त्राचा आधार देतात. म्हणे ही 'स्ट्रेस इंटरव्ह्यू' आहे, उमेदवाराचा धीर आम्ही पारखतो. आम्ही चौकशी केली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने, शत्रूच्या मुलुखात पाठवायच्या माणसांची अशी परीक्षा घेतली होती. डोळ्यांवर झगझगीत दिवा आणि प्रश्नांचा भडिमार. शत्रूच्या हाती सापडलेल्या हेराला उपयोगी पडावी अशी ती रीत. आता ती गोदामातल्या डिस्पॅच क्लार्कला लावतात! पार्सलावर पत्ता चिकटविणाऱ्याला कोणता शत्रू पकडणार आहे?

कायदा काय म्हणतो, असे आम्हांस नेहमी विचारतात. खरे उत्तर कडू आहे. उमेदवार हा कायद्याच्या दृष्टीने कामगारच नव्हे. कामगार ठरायला आधी नोकरी लागावी लागते. त्यामुळे पगारासाठी, बडतर्फीसाठी आम्ही भांडू शकतो. पण मुलाखतीत कोणी तुम्हांला "तू"कारले तर युनियन म्हणून आमच्या हाती कलम नाही. नुसता उद्धटपणा हा गुन्हा नव्हे.

तरीही काही दारे उघडी आहेत, ती ठाऊक असावीत. श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजाच्या प्रवेशाचा खटला, अजय हसिया यांचा, १९८० साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. तिथे दीडशेपैकी पन्नास गुण तोंडी परीक्षेला होते. उमेदवारांची तक्रार अशी की दोन-तीन मिनिटांत बापाचे नाव, राहण्याचे ठिकाण असले प्रश्न विचारून वाटेला लावले. न्यायालयाने सांगितले, पंधरा टक्क्यांहून अधिक गुण अशा मुलाखतीला ठेवणे वाजवी नाही. आणि शक्य तर मुलाखत टेपवर मुद्रित करावी. खटला प्रवेशाचा होता, नोकरीचा नव्हे. पण आतल्या खोलीत काय चालते याची नोंद असावी, ही गोष्ट देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाला सुचली, हे लक्षात ठेवा. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या.

दुसरा खटला नीरा माथुर यांचा. आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्मात स्त्री उमेदवाराने आपल्या मासिक पाळीची, गर्भारपणाची माहिती लिहून द्यायची होती. ती खरी दिली नाही म्हणून त्यांना कामावरून दूर केले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावले आणि ते लज्जास्पद रकाने काढून टाका असे सांगितले. आमच्या महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने, ठरावीक संख्येइतकी किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी, भरती करताना स्त्री म्हणून भेदभाव करण्यास मनाई आहे. आणि २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा सांगतो की तक्रार करणारी स्त्री त्या ठिकाणी नोकरीला असो वा नसो. म्हणजे मुलाखतीला गेलेली आमची भगिनीही त्यात आली. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी. कंपनीत समिती नसेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. आपला जिल्हा ठाणे.

पण कलमे सांगून आम्ही सुटत नाही. आम्ही एकदा सल्ला दिला, त्याची कथा ऐका. १९९८ साल असेल. आय.टी.आय. झालेला एक मुलगा, टर्नर, हात सोन्यासारखा. एका मुलाखतीत साहेबाने आडनाव वाचून विचारले, "तुमच्यातली माणसं मशीनवर बसतात होय?" मुलाने मुकाट्याने ऐकून घेतले. त्याला दुसऱ्या फेरीला बोलावणे आले, तेव्हा तो आमच्याकडे आला. आम्ही तेव्हा तिशीच्या आत, रक्त गरम. आम्ही म्हटले, पुन्हा तसे बोलला तर उठून ये, लाथ मार त्या नोकरीला. साहेब पुन्हा बोलला. मुलगा उठून आला. आम्ही कचेरीत त्याला चहा पाजला, पाठ थोपटली. पुढे सात महिने त्याला काम नव्हते. एके दिवशी त्याची आई आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, मान तुमची ताठ झाली. चूल आमची विझली."

तेव्हापासून उठून यावे की बसून राहावे, हे आम्ही कोणाला सांगत नाही. ते ज्याच्या घरी चूल आहे त्याने ठरवावे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असे म्हणून लोक हसतात. पण हरी अडलेला होता हे विसरतात. आम्ही एवढेच सांगतो की मुलाखत घेणाऱ्याचे नाव आणि हुद्दा सुरुवातीलाच विचारून घ्यावा. नाव सांगितलेला माणूस जरा जपून बोलतो. वाकडा प्रश्न आला तर आवाज न चढविता विचारावे, "साहेब, या कामाशी त्याचा संबंध सांगाल का? म्हणजे मला नीट उत्तर देता येईल." दहांतले सहा-सात साहेब इथेच विषय बदलतात, असा आमचा अनुभव. बाहेर पडल्याबरोबर, गाडी पकडण्यापूर्वी, तारीख, वेळ, शब्द वहीत लिहून ठेवावेत. आणि कंपनीच्या वरिष्ठांना चार ओळींचे सभ्य पत्र टाकावे. पत्राने नोकरी मिळत नाही. पण एकाच साहेबाविरुद्ध पाच पत्रे गेली, की कंपनीला ती सहज केराच्या टोपलीत टाकवत नाहीत.

गोड बोलणाऱ्यालाही प्रश्न विचारावेत. २०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी आमच्या मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी घातल्या. अमेरिकेतल्या लोकांना करखात्याच्या नावाने धमकावून पैसे उकळण्याचा धंदा तिथे चालत होता. शेकडो पोरे एका रात्रीत पोलिसांच्या हाती सापडली. त्यांतल्या काहींच्या आईबापांशी आम्ही बोललो. मुलाखत फार छान झाली होती म्हणे! साहेब हसून बोलले, चहा दिला. काम नेमके काय, हे मात्र पोराने विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगण्याची इच्छा नव्हती. तीन वर्षांपूर्वी युनियनच्या कचेरीत लेखनिक नेमायचा होता. अकराजणांना आम्ही दहा वाजता बोलाविले. त्याच दिवशी एका कारखान्यात बोलणी लांबली, आणि आम्ही पोचलो सव्वा वाजता. क्षमा मागायची तर घाईत तेही राहिले. एक बाई आल्या, हिशेबात तयार, टायपिंग उत्तम. अर्जात दोन मुलांचा उल्लेख होता. आम्ही विचारले, "मुलं लहान आहेत, संध्याकाळच्या मीटिंगा असतात, तुम्हांला जमेल का?" त्या शांतपणे म्हणाल्या, "बाहेर जे पुरुष बसले आहेत, त्यांना हे विचारलंत का?" विचारले नव्हते. त्यांतल्या दोघांना मुले होती, हेही आम्हांला ठाऊक होते. आम्ही जागा त्यांनाच देऊ केली. त्यांनी कळविले, आभारी आहे, दुसरीकडे पाहते. पत्र सभ्य होते, चार ओळींचे. ते आम्ही कचेरीतल्या काचेखाली ठेवले आहे, आमच्या बाजूला, म्हणजे मुलाखत घेताना दिसावे.

त्यानंतर आम्ही दर रविवारी सकाळी कचेरीत खोट्या मुलाखती भरवितो. एक टेबल, तीन खुर्च्या; पोरांनी आळीपाळीने साहेब व्हायचे आणि उमेदवार व्हायचे. एक चमत्कार दिसला. उद्धट साहेब कोणालाही वठविता येतो, सतरा वर्षांची मुलगीसुद्धा खुर्चीत रेलून, फाईल भिरकावून, "भाईंदरहून वेळेवर येशील का गं?" असे हुबेहूब म्हणते, आणि सगळी खोली हसते. पण चांगला साहेब हो, असे सांगितले की पोरे अडतात. काय बोलायचे? बसा म्हणायचे, पाणी विचारायचे, मग? कामाविषयी प्रश्न कोणते असतात? त्यांनी तसा माणूस पाहिलेलाच नसतो. म्हणून आम्हांला आता निवृत्त फोरमन, बँकेतले अधिकारी, शाळेच्या मुख्याध्यापिका अशी मंडळी हवी आहेत, ज्यांनी आयुष्यात दहा-वीस माणसे नीट बोलून नेमली असतील. या सभागृहात तशी माणसे पुष्कळ दिसताहेत. येत्या रविवारी सकाळी नऊला यावे. जिना अरुंद आहे, आणि खुर्च्या तीनच आहेत, तेव्हा शक्य असेल त्यांनी घडीची खुर्ची बरोबर आणावी.