तेच नाव, दुसरी हाक



मी विषय कळवला, 'घरात आधीच असलेलं नाव बाळाला ठेवणं', तेव्हा संयोजकांपैकी एकांनी हळूच विचारलं, की हा विषय बारशाच्या दिवशी ठीक आहे, पण साहित्याच्या व्यासपीठावर यात भाषेचा भाग कोणता? मी म्हटलं, सगळाच. ते कसं, हे सांगण्यासाठी मला फार लांब जायला नको, कारण आपण वडोदऱ्यात बसलो आहोत. एकच नाव दोघांना देण्याच्या बाबतीत या शहराइतकी उघड उदाहरणं दुसरीकडे क्वचितच सापडतील.

रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर रोज आपल्या डोळ्यांसमोर असतो. १८९६ साली बांधलेला हा टॉवर कोणाच्या स्मरणार्थ, असं मी शाळेत विचारायची, तेव्हा बहुतेक मुलं १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षपदी बसलेल्या महाराणी चिमणाबाईंचं नाव सांगायची. त्या चिमणाबाई तर टॉवर बांधला तेव्हा हयात होत्या! टॉवर आहे सयाजीरावांच्या पहिल्या पत्नीचा. त्या तंजावरच्या, माहेरचं नाव लक्ष्मीबाई. लग्नानंतर त्या चिमणाबाई झाल्या आणि १८८५ साली वारल्या. त्याच वर्षी महाराजांचं दुसरं लग्न झालं. देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई या घरात आल्या आणि त्यांचंही नाव चिमणाबाईच ठेवलं गेलं. गेलेल्या सवतीचं नाव अंगावर घेऊन त्या सत्तरहून अधिक वर्षं जगल्या. त्यांना ते कसं वाटलं असेल, हा प्रश्न मला इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा जास्त छळतो.

आणि खुद्द महाराज? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला आणि सयाजीराव झाला. जमनाबाईंचे पती खंडेराव, आणि खंडेरावांचे वडील सयाजीराव दुसरे. म्हणजे दत्तक मुलाला आजोबांचं नाव मिळालं. पुढे महाराजांचा थोरला मुलगा फत्तेसिंहराव १९०८ साली तरुणपणीच गेला. त्याचा मुलगा प्रतापसिंहराव, आणि प्रतापसिंहरावांचा १९३० साली जन्मलेला मुलगा पुन्हा फत्तेसिंहराव. एक पिढी सोडून नाव परत आलं.

हे केवळ राजघराण्याचं वेड नव्हे. राजघराण्यांची नोंद राहिली, आपल्या पणज्यांची राहिली नाही, एवढाच फरक. पण नोंद असल्यामुळे एक गोष्ट दिसते, की नाव पुन्हा आलं म्हणजे मराठीत लगेच त्याच्या शेजारी दुसरा शब्द उभा राहतो. शिवाजी महाराजांच्या दोन नातवांना आजोबांचंच नाव होतं. संभाजीराजांचा मुलगा शिवाजी आणि राजाराम-ताराबाईंचाही मुलगा शिवाजी. पहिल्याला आपण शाहू म्हणून ओळखतो, त्याचं मूळ नाव मागेच पडलं. १७०७ साली एका आजोबांच्या नावाचे दोन नातू गादीसाठी समोरासमोर आले, हे शाळेत शिकवताना 'शाहू' आणि 'ताराबाईंचा मुलगा' असे शब्द वापरले नाहीत तर फळ्यावर नुसता गोंधळ होतो. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, पण सगळ्या मराठी मुलखाचे ते नानासाहेब. माधवराव पेशवे १७७२ साली गेले, दुसऱ्याच वर्षी नारायणरावांचा खून झाला, आणि १७७४ साली त्यांच्या पश्चात जन्मलेल्या बाळाला चुलत्याचं नाव मिळालं. भेद दाखवायला मागे 'सवाई' लागलं. सवाई म्हणजे एकावर पाव जास्त. नाव जुनंच ठेवायचं आणि वर पाव भाग आशा ठेवायची, असा हा हिशेब. थोरले, धाकटे, सवाई, दुसरे हे शब्द म्हणजे त्याच त्या नावांमध्ये वाट काढण्यासाठी भाषेने बसवलेल्या पाट्या आहेत.

आता घरात येऊ.

माझा थोरला भाऊ वसंत तीन वर्षांपूर्वी गेला. वहिनींनी संसाराच्या सेहेचाळीस वर्षांत त्याचं नाव उखाण्याबाहेर घेतलं नाही. इतकंच नव्हे, तर तो शब्दही टाळला. वसंतपंचमीला त्या 'माघातली पंचमी' म्हणत. आता तोही गेला आणि आईवडीलही नाहीत, तेव्हा त्याला 'अरे वसंता' म्हणणारी मी एकटीच उरले. गेल्या वर्षी माझ्या दोन्ही भाच्यांकडे, एकाकडे पुण्यात आणि एकाकडे इथे, चार महिन्यांच्या अंतराने मुलगे झाले, आणि दोघांनाही तेच नाव हवं होतं. खेडची लढाई आमच्याकडे व्हॉट्सॲपवर झाली. 'आम्ही आधी ठरवलं होतं.' 'आम्ही बाबांच्या आजारपणातच त्यांना सांगितलं होतं.' 'मग आमच्या मुलाला लोक काय म्हणतील, नक्कल?' दोघेही मुलगे गुणी आहेत, एरवी एकमेकांसाठी जीव टाकतील. पण त्यांच्या भांडणात एक गृहीत होतं, की नाव ही एका जागेची मालमत्ता आहे आणि तिचा सातबारा एकाच्याच नावे होऊ शकतो.

वहिनींची अडचण निराळीच होती. त्या मला म्हणाल्या, "वन्सं, नाव हवंच आहे मला. पण सूनबाई त्याला रागावेल तेव्हा?"

या एका वाक्यात जुनी सगळी व्यवस्था आहे, असं मला वाटतं. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, हा नियम आपण जाचक म्हणून सोडून दिला. तो जाचक होताच, मला त्याची आठवण येत नाही. पण त्या नियमामुळे मराठी घराला एक सोय करावी लागली होती. मुलाला आजोबांचं नाव द्यायचं आणि आईने ते उच्चारायचं नाही, तर आईने त्याला जेवायला बोलवायचं कसं? धपाटा घालताना काय म्हणायचं? म्हणून हाकेचं नाव आलं. पाच वर्षांच्या पोराला आप्पा, बापू, नाना, आबा म्हणण्याची आपली जी पद्धत आहे, तिला लाड हे एकच कारण नाही. आजोबांच्या जागेवर आलेल्या मुलाला वडीलधाऱ्याचीच हाक मिळाली, आणि आजोबांचं खरं नाव रागालोभापासून सुरक्षित राहिलं. धर्मसिंधूसारख्या ग्रंथांत तर एका मुलाला चार नावं सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारनाम. हाकेचं नाव त्यात नाही. ते शास्त्राने दिलेलं नसून स्वयंपाकघराने दिलेलं आहे.

शेवटी दोन्ही बाळं वसंतच झाली. पुण्याचा 'नाना' आणि आमचा 'आबा'. दोघांची पूर्ण नावं वेगळी आहेत, कारण मधलं नाव बापाचं. वहिनी आबाला मांडीवर घेतात आणि त्याच्याशी पुष्कळ बोलतात. कागदावरचं नाव त्यांनी अजून घेतलेलं नाही.

आमच्याकडे मधलं नाव उपयोगी पडलं, पण तेही नेहमी पडत नाही, हे तरुण आईबापांना सांगायला हवं. आजोबा अनंत केशव, मुलगा केशव अनंत, नातू पुन्हा अनंत केशव, आडनाव एकच. आजोबा आणि नातवाचं पूर्ण नाव अक्षरशः एक. जुन्या समभागांवर, मिळकतीच्या नोंदीवर, मतदारयादीत हा घोळ निस्तरताना वर्षं जातात. माझ्या ओळखीच्या एका घरी आजोबांच्या मृत्यूची नोंद नातवाच्या खात्याला लागली आणि त्याला आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागला. अशा घरांनी आजोबांचं नाव हाकेसाठी ठेवावं आणि कागदावर दुसरं लिहावं, असं माझं मत आहे. उलटं केलं तरी बिघडत नाही.

प्राण्यांविषयी. हसू नका, मला याच प्रश्नाने या विषयाकडे आणलं. माझ्या एका विद्यार्थिनीने मुलीचं नाव मीरा ठेवायचं ठरवलं, आणि तिच्या चुलतबहिणीकडे सहा वर्षांचं मीरा नावाचं मांजर निघालं. बहीण दुखावली, की आमचं नाव घेतलं. सासू दुखावली, की मांजराचं नाव आमच्या नातीला. मराठीत एकवचनात नाव ठेवणं हा संस्कार आहे आणि अनेकवचनात नावं ठेवणं ही निंदा. इथे दोन्ही एकाच दिवशी झालं.

आपल्या भाषेत माणसं आणि जनावरं नावं वाटून घेतच आली आहेत. खंडोबाचा भक्त वाघ्या आणि दारातला कुत्राही वाघ्या. जेजुरीचे वाघे तर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवण्यात कमीपणा मानत नाहीत. पिंजऱ्यातला पोपट विठू किंवा राघू, देवाची नावं दोन्ही. हे खपत होतं, कारण मराठी नावाला पायऱ्या होत्या. देवळात विठ्ठल किंवा विठोबा, कचेरीत विठ्ठलराव, चाळीत विठू, मित्रांत विठ्या. वाड्यात गंगाबाई, माहेरी गंगू, गोठ्यात गंगी. एकाच नावाला राव, बा, पंत, बाई, ऊ, या, ई असे प्रत्यय लावून आपण देव, आजोबा, नातू, पोपट आणि गाय यांची सोय करत होतो. कोण कुठल्या पायरीवर आहे, हे उच्चारातच कळत असे.

अलीकडची नावं, विहान, कियान, रेयांश, मला कानाला गोड लागतात. पण त्यांना या पायऱ्या नाहीत. 'कियानराव' म्हणून पाहा. अशा नावाची एकच प्रत निघते. म्हणून ती दुसऱ्या कोणाकडे दिसली की चोरी झाल्यासारखं वाटतं. त्यात आता पशुवैद्याच्या कार्डावर कुत्र्यामांजराच्या नावापुढे मालकाचं आडनावही लिहितात, तेव्हा मीरा विरुद्ध मीरा हा सामना बरोबरीचा झाला. मी विद्यार्थिनीला म्हटलं, नाव ठेव. मांजराचं बदलायला सांगू नकोस, ते सहा वर्षं त्या हाकेला येतं आहे. मुलीला घरात मिरू म्हणा. तिने ते ऐकलं की नाही, हे बारशाला कळेल.

घाई मात्र कोणी करू नये. दवाखान्यातच 'नाव सांगा, दाखला काढायचा आहे' असा तगादा लागतो आणि दोन रात्रींत भांडणं होतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे जन्माची नोंद नावाशिवाय होऊ शकते. बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, आणि विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण एकदा घातलेलं नाव आता पूर्वीपेक्षा घट्ट बसतं, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्यांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच आधाराला आहे. म्हणून तेवढा वेळ घ्यावा, वडीलधाऱ्यांना विचारावं, पुण्याला फोन करावा. आपल्याकडे आत्या कुर्र करते, गुजराती शेजाऱ्यांकडे फोई नाव पाडते. तो मान दोन्हीकडे बापाच्या बहिणीचाच आहे, तेव्हा तिला आधी विश्वासात घेतलेलं बरं.

आपण मराठी मुलखाबाहेर पाच-सहा पिढ्या काढलेली माणसं आहोत. आमच्या दोन्ही वसंतांपैकी इथला कदाचित मराठी वाचणार नाही, ही भीती मला आहे. त्याला 'आबा' म्हटलं की तो वळतो, एवढं आज आहे. म्हणून शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती करते. या सुट्टीत वडोदऱ्यातल्या निदान पन्नास मराठी घरांत जा. वहीत चार रकाने पाडा: कागदावरचं नाव, घरातली हाक, ती हाक पहिल्यांदा कोणी मारली, आणि ते नाव आधी कोणाचं होतं. आज्या हयात आहेत तोवर तिसरा रकाना भरून घ्या, तो नंतर कोणालाच भरता येणार नाही. गाईम्हशी आणि कुत्रीमांजरं वगळू नका. वह्या माझ्याकडे दिवाळीपर्यंत आणून दिल्यात तर मी त्या स्वच्छ लिहून अकादमीच्या ग्रंथालयात ठेवीन.