करंडा कोणी कातला?

(वडगाव निंबाळकर इथे संक्रांतीनंतर झालेल्या बायकांच्या बैठकीतल्या भाषणाचं शब्दांकन)



भाषणाचे कागद आणले नाहीत. हा करंडा आणलाय. शिसवीचा आहे, मुठीत मावतो. इथून फार लांब नसलेल्या, नीरेच्या काठच्या एका गावात एका बाईने तो कातलाय. तिचं नाव सांगत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही.

आपल्या आज्यांच्या फणेरपेटीत असा करंडा असायचा. आधी मेण लावायचं, मग त्यावर कुंकू. गंमत बघा, बाईच्या पेटीत असतो तोवर तो करंडा, आणि पुरुषांनी मैदानावर जिंकला की त्याचा करंडक होतो! शब्द मुळात एकच. असो.

हा कसा होतो ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं भांडण त्यातच आहे. लाकूड चांगलं वाळलेलं लागतं. ओलं वापरलं तर वाळताना एका बाजूने जास्त आवळतं, गोल करंडा लंबगोल होतो आणि झाकण बसत नाही. ओंडक्याचा तुकडा लेथवर दोन टोकांना धरून फिरवायचा आणि पटाशी टेकवून आधी गोल करायचा. त्याच तुकड्यातून झाकणापुरता भाग कापून वेगळा काढायचा. दोन्ही भाग एकाच लाकडाचे, म्हणजे झाकण लावल्यावर शिरा एकमेकींना जुळतात. आधी झाकण आतून कोरायचं, त्याच्या तोंडाचं माप घ्यायचं, आणि मग खालच्या भागाला त्या मापाची खाच काढायची. इथे घाई चालत नाही. केसाएवढं काढायचं, लेथ थांबवायची, झाकण लावून बघायचं, परत केसाएवढं काढायचं. जास्त गेलं तर झाकण ढिलं, आणि गेलेलं लाकूड परत येत नाही. घट्ट बसलं की ते तसंच ठेवून वरून दोन्ही भाग एकत्र कातायचे, म्हणजे बाहेरून सांधा दिसत नाही. मग झाकण काढून पोटातलं कोरायचं. शेवटी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. शेवटी केवड्याच्या पानाने चकाकी आणायची.

पूर्वी वीज नव्हती तेव्हा कातारी दोघांनी चालवायचं काम करत होते. दांड्याला दोरी गुंडाळलेली असायची. एकाने ती आलटून पालटून ओढायची, दुसऱ्याने हत्यार धरायचं. लाकूड हत्याराच्या दिशेने फिरतं तेव्हाच कापलं जातं, उलटं फिरताना हत्यार मागे घ्यावं लागतं. म्हणजे ओढणाऱ्याची लय चुकली की काम बिघडलंच. दोरी ओढायला घरचंच कुणी तरी असे, बायको नाही तर पोर. पण कातारी कोण? हत्यार धरणारा. दोरी ओढणारीला नावच नाही. मोटार आली, दोरी गेली, तरी ही वाटणी तशीच राहिली.

लाकडी करंड्यांचा विषय निघाला की सावंतवाडीची आठवण येतेच. तिथली लाखकामाची आणि गंजिफांची कला जवळजवळ बुडत आली होती. १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती राजवाड्यात पुन्हा उभी केली. सत्वशीलादेवी म्हाताऱ्या पुंडलिक चितारींकडून स्वतः शिकल्या. मी तिथे गेले तेव्हा बायका मन लावून रंग भरत होत्या. चांगलं वाटलं. पण लेथवर पुरुष होते. रंग बायकांचा, धार पुरुषांची. मला वाटलं, हे असंच असणार, बाईला जमत नसेल. आपल्याही डोक्यात हे किती खोल बसलंय बघा! कर्नाटकात चन्नपट्टणला खेळणी करणाऱ्या बायका स्वतः लेथवर बसून काततात, हे मला नंतर कळलं.

आता या बाईचं. नवऱ्याचं लेथचं दुकान. लाटणी, रव्या, पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे. घासणं, लाख चढवणं, झाकण बसवून बघणं हे सगळं ती करायची. नवऱ्याला दमा झाला. लाकडाचा बारीक भुसा वर्षानुवर्षं छातीत जातो, शिसवीचा तर फारच बाधतो. मग ती लेथवर उभी राहिली. ऊसतोडीच्या बाया घालतात तसा साडीवरून नवऱ्याचा शर्ट घातला, पदर आत खोचला, केस फडक्यात बांधले आणि हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. फिरत्या लाकडात बांगडी अडकली तर मनगटच जाईल. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, नवरा जिवंत असताना हिने बांगड्या उतरवल्या. हो, बायकाच म्हणाल्या. तीन वर्षं दुकान तिने चालवलं. नवरा पुढे खुर्चीवर बसून गिऱ्हाईकाशी बोलायचा, गिऱ्हाईकाला वाटायचं तोच काततो. तिनेही ते तसंच वाटू दिलं.

मग तो गेला. दहाव्याला बांगड्या फोडायच्या, तर तिच्या हातात बांगड्याच नव्हत्या. तर घरच्यांनी चार बांगड्या आणल्या, तिच्या हातात भरल्या आणि मग फोडल्या.

हे तिने मला सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. मीच उठून बाहेर गेले.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे हा विषय लावून धरत होते. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडप्रमाणे करायला सांगितलं. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. ठराव आपल्याला करून घ्यावा लागतो आणि ठरावानंतरही दहाव्याला कुणी तरी हजर राहावं लागतं.

बांगड्यांनंतर पंधरा दिवसांनी दीर टेम्पो घेऊन आला, लेथ न्यायला. म्हणाला, "वहिनी, तुम्ही बाईमाणूस, याचं काय करणार?" तिने दुकानाला कुलूप लावलं आणि किल्ली पोलक्यात घातली. आमच्या संघटनेकडे ती त्याच दिवशी आली.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा. हिंदू वारसा कायदा १९५६चा आहे. नवऱ्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेली वस्तू, मग ती जमीन असो की लेथ, मृत्युपत्र नसेल तर पहिल्या वर्गाच्या वारसांकडे जाते. बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा वाटा. ही माणसं असताना भावाला काही मिळत नाही. लेथच्या खरेदीची पावती तिने डाळीच्या डब्यात जपून ठेवली होती, नवऱ्याच्या नावाची. त्या पावतीनेच टेम्पो रिकामा परत गेला. पण दीर अजून बोलतो आणि सासूही त्याच्या बाजूची आहे. सासूचाही वाटा आहे, हे आम्ही तिला समजावून सांगितलं. तिचा वाटा नाकारून आपला न्याय होत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. कारागिरांसाठी सप्टेंबर २०२३मध्ये पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसाय, त्यात सुतारही आणि पारंपरिक खेळणी करणारेही. ओळखपत्र, प्रशिक्षण, त्या दिवसांत रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि पाच टक्के व्याजाने पहिलं कर्ज एक लाखाचं. चांगलंच आहे. पण नियम असा की कुटुंबातल्या एकाच व्यक्तीची नोंद. नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं म्हणजे कुटुंब. आता सांगा, घरात दोघं राबत असतील तर नाव कुणाचं जाणार? हिच्याही घरी नवऱ्याचंच गेलं होतं, आणि तेव्हा लेथवर ती उभी होती. तो गेल्यावर ती एका केंद्रात चौकशीला गेली. तिथला मुलगा म्हणाला, "मावशी, धंदा काय लिहू? गृहिणी?" ती म्हणाली, "सुतार लिही." तो हसला. तिने पिशवीतून हा करंडा काढून त्याच्या टेबलावर ठेवला.

आमच्यातही वाद झाला, तो लपवत नाही. एक मैत्रीण म्हणाली, आपण कुंकवाच्या राजकारणाविरुद्ध बोलतो आणि करंडे विकायला मदत करतो? या संक्रांतीला तिच्याकडून साठ करंडे वाणासाठी गेले. त्या साठातल्या एकाही घरी तिला हळदीकुंकवाला बोलावणं नव्हतं. मैत्रिणीचा प्रश्न खोटा नव्हता. पण तिला विचारलं तर ती म्हणाली, "ताई, त्यात कुणी काय घालायचं ते त्यांनी बघावं. मला झाकण नीट बसल्याशी मतलब." माझं मत तिच्या बाजूने पडलं. वाण घेणाऱ्या बायकांशी बोलायचं काम आपलं आहे. त्यासाठी तिची लेथ बंद पाडायची गरज नाही. आज इथे बसलेल्यांपैकी कुणी ते साठातलं वाण लुटलं असेल, तर पुढच्या वर्षी आमंत्रणाच्या यादीत एक नाव वाढवा.

आणखी एक काम आजच करू या. तुमच्या गल्लीत सुतार, कुंभार, लोहार, शिंपी, बुरूड यांची जी घरं आहेत, तिथल्या बायका नेमकं काय करतात ते लिहून आणा. "मदत करते" असं लिहू नका. भट्टी लावते, माती तुडवते, काज करते, कांब्या सोलते, असं लिहा. पावत्या कुणाच्या नावावर आहेत तेही विचारा. पुढच्या बैठकीत त्या यादीवर बसू.

हा करंडा आता फिरवते. झाकण सरळ ओढू नका, जरा वळवून उघडा, दमट हवेत ते घट्ट बसतं. आत कुंकू नाही. दुकानाची किल्ली आहे. दीर गावात आला की ती माझ्याकडे ठेवायला देते, उद्या परत न्यायची आहे. तेवढी सांभाळून इकडे पाठवा.