शाळेत शिकलेलं मंडईत चालायला हवं



आज आपण विशेष मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलणार आहोत. हे बोलणं आम्ही पुण्याच्या महात्मा फुले मंडईत तयार केलं. आम्ही म्हणजे विशेष मुलांच्या आया, काही अंगणवाडीताई आणि अशा मुलांना शिकवणाऱ्या बाई. आमच्यातल्या बऱ्याच जणी गावाकडून येतात. महिन्यातून एक दिवस आम्ही मुलांना घेऊन मंडईत जातो, सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत.

लोक विचारतात, या मुलांना बाजारात कशाला आणता? गर्दी, आवाज, लोकांच्या नजरा. त्यापेक्षा घरी बरी की. या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच आजचं बोलणं आहे.

आमच्या गटात एक चौदा वर्षांची मुलगी आहे. तिला बौद्धिक अक्षमता आहे. शाळेत ती वीसपर्यंत मोजते. पुस्तकातल्या चित्रात दहाची नोट बरोबर दाखवते. पहिल्यांदा मेथीच्या गाळ्यासमोर उभी केली, हातात नोट दिली, तर तिला काही सुचेना. नोट मुठीत धरून ती तशीच उभी राहिली. आता कुणी म्हणेल, बघा, हिला काही येत नाही, शाळेत घालून काय उपयोग झाला. पण तसं नाही. तिला नोट ओळखता येत होती, पण ती बाकावर बसून, बाईंच्या समोर, पुस्तकात. मंडईत नोट देऊन भाजी घ्यायची असते, हे तिला मंडईत कुणी शिकवलंच नव्हतं.

यावर जगात पुष्कळ अभ्यास झाला आहे. आपली बाकीची मुलं एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी आपसूक वापरतात. वर्गात बेरीज शिकली की दुकानात हिशेब करतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना हा पल्ला आपला आपण ओलांडणं फार अवघड जातं. अमेरिकेत लू ब्राऊन नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली एक साधी गोष्ट मांडली. मूल मोठं झाल्यावर जिथे राहणार, जिथे वावरणार, तिथे त्याला काय करता यायला हवं, ते आधी बघा, आणि तेच शिकवा. शक्यतो त्याच जागी शिकवा. मणी ओवायचे आणि ठोकळे रचायचे, एवढंच वर्षानुवर्षं करून घेऊ नका.

मग मैत्रिणींनो, पुढचा प्रश्न आपोआप येतो. मूल मोठेपणी कुठे वावरणार? घरात, अंगणात, नळावर, दुकानात, एसटीत, बाजारात. या जागा शाळेच्या ताब्यात नाहीत. त्या आपल्या आहेत. म्हणून या मुलांचं शिक्षण घरच्यांना बाहेर ठेवून होऊच शकत नाही. ब्रिटनमध्ये १९७८ साली वॉरनॉक समितीचा अहवाल आला. त्यात एक अख्खं प्रकरण 'पालक हे भागीदार' या विषयावर होतं. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ देशांची सरकारं एकत्र आली. तिथेही सगळ्या मुलांसाठी एकच शाळा आणि पालकांशी भागीदारी, असं ठरलं.

आपल्या महाराष्ट्रात तर या कामात आईवडिलांनीही पुढाकार घेतला. मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा सुरू झाली, ती आईवडिलांनी आपल्या मुलीसाठी केलेल्या धडपडीतून. १९७२ साली मिथू अलूर यांनी मुंबईत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी शाळा काढली, कारण त्यांच्या मुलीला, मालिनी चिबला, तो त्रास होता आणि तिच्याजोगी शाळा नव्हती. मालिनी पुढे कॉलेजात गेली, लेखिका झाली. मिथू अलूर यांनी नंतर अंगणवाडी योजनेचा अभ्यास केला. योजना सगळ्या मुलांसाठी होती, पण अपंग मुलं अंगणवाडीत दिसतच नव्हती. कुणी 'नको' म्हटलं नव्हतं. फक्त त्यांना धरलेलंच नव्हतं. आता केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती काढली आहे. मुलात काही वेगळं दिसतंय का ते लवकर ओळखायचं, मुलाला अंगणवाडीत सामावून घ्यायचं, घरच्यांना बळ द्यायचं आणि गरज असेल तर पुढे डॉक्टरांकडे पाठवायचं. तुमच्या गावातल्या ताईंना याबद्दल जरूर विचारा.

आता कामाचं सांगतो. मुलाला एखादं काम शिकवायचं तर कसं? आमच्या बाईंनी आम्हांला जी पद्धत दाखवली, ती सगळीकडे वापरली जाते.

पहिलं, एक काम निवडा. एकच. घरात रोज होणारं.

दुसरं, त्या कामाचे तुकडे पाडा. आम्ही भाजी घेण्याचे सात तुकडे पाडले. पिशवी घ्यायची. गाळ्यापर्यंत जायचं. हवी ती भाजी दाखवायची. 'केवढ्याला' विचारायचं. नोट द्यायची. भाजी पिशवीत घ्यायची. उरलेले पैसे घेऊन पाकिटात ठेवायचे. आपल्याला हे एक काम वाटतं, मुलाला ती सात कामं असतात. कुठल्या तुकड्याला ते अडतं, हे त्यामुळे कळतं.

तिसरं, शेवटच्या तुकड्यापासून शिकवा. हे ऐकायला उलटं वाटेल. चड्डी घालण्याचं बघा. दोन्ही पाय तुम्ही घाला, मांडीपर्यंत तुम्ही चढवा, आणि शेवटचं कमरेपर्यंत ओढायचं काम मुलाला करू द्या. काम पूर्ण होण्याचा आनंद त्याला मिळतो. ते जमलं की गुडघ्यापासून ओढू द्या. असं मागे मागे जायचं. मंडईत आम्ही आधी फक्त उरलेले पैसे घेऊन पाकिटात ठेवायला शिकवलं.

चौथं, मदत हळूहळू कमी करा. आधी हाताला हात धरून. मग नुसतं मनगटाला स्पर्श. मग बोटाने दाखवायचं. मग फक्त शब्द. आणि सगळ्यात अवघड म्हणजे थांबायचं. मनात दहा आकडे मोजायचे. आपल्याला घाई असते, मागे गिऱ्हाईक उभं असतं, आणि आपण मुलाच्या हातातली नोट काढून आपणच देतो. मुलाला विचार करून हात पुढे करायला वेळ लागतो. तो वेळ देणं हीच शिकवणी आहे.

पाचवं, कॅलेंडरवर खूण करा. आपलं आपण केलं तर टिकली, मदत लागली तर गोल. लिहिता येत नसलं तरी चालतं. महिन्याने ते कॅलेंडर शाळेत दाखवा. बाईंना घरचं कळतं आणि तुमचं मूल पुढे सरकतंय हे तुम्हांलाही दिसतं.

प्रत्येक मुलाची गरज वेगळी, हेही लक्षात ठेवा. बोलता न येणाऱ्या मुलाला भाज्यांची चित्रं एका पुठ्ठ्यावर चिकटवून द्या. ते बोट ठेवून मागू शकतं. न दिसणाऱ्या मुलाला भाजी हातात द्या, वास घेऊ द्या. शंभर आणि त्यावरच्या नोटांवर हाताला लागणाऱ्या उंचवट्याच्या खुणा असतात, आणि नोट ओळखून बोलून सांगणारं 'मणी' नावाचं मोबाइल ॲप रिझर्व्ह बँकेने २०२० साली काढलं आहे. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाला गर्दीत सगळेच आवाज मोठे होऊन येतात, म्हणून त्याला शांत वेळी न्या. स्वमग्न मुलालाही आधी रिकाम्या वेळी, थोडाच वेळ न्या.

आता एक स्पष्ट बोलायचं आहे. 'कुटुंबाचा सहभाग' असं कागदावर लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'आईचा सहभाग' असा होऊन बसतो. शाळा सांगते, घरी हे करून घ्या. डॉक्टर सांगतात, घरी व्यायाम करून घ्या. आईला शेतावर जायचं असतं, मजुरी बुडवायची नसते, स्वयंपाक, जनावरं, पाणी. मग चार दिवस होतं आणि सुटतं. वर बोल लागतो की आईच लक्ष देत नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं की शिकवण्यासाठी वेगळा तास काढू नका. जे काम तसंही होतं, त्यातच शिकवा. भाकरी करताना पीठ काढून द्यायला सांगा. कपडे वाळत घालताना चिमटे द्यायला सांगा. आणि कामं वाटून घ्या. दाढी झाल्यावर मुलाला तोंड धुवायला शिकवणं हे बापाचं काम. देवापुढे फुलं मोजून ठेवायला आजी शिकवेल. दुकानातून साबण आणायला आजोबा बरोबर जातील. फक्त मोठ्या बहिणीची शाळा बुडवून तिला सांभाळायला बसवू नका. एका लेकराच्या शिक्षणासाठी दुसरीचं शिक्षण बंद करायचं नाही.

बचतगटालाही यात काम आहे. गटातल्या एका बाईचं मूल असं असेल तर बैठकीला ते मूल बरोबर आणू द्या. तिच्या कर्जाच्या हप्त्याची चौकशी करतो, तशी तिच्या मुलाचीही करा. प्रमाणपत्राच्या दिवशी तिच्याबरोबर एकीने जिल्ह्याच्या दवाखान्यात जा. एकटी आई रांगेत दमते.

कायदा आपल्या बाजूने आहे, तोही ऐका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकार धरले आहेत. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा तुमच्या पसंतीच्या विशेष शाळेत. खूप तीव्र अपंगत्व असेल तर घरी शिक्षण मिळण्याचीही सोय आहे. पण ती निवड तुमची. शाळेने 'घरीच ठेवा' असं सांगून प्रवेश टाळायचा नाही. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. प्रवासभत्ता, मदतनीसभत्ता, मुलींचा भत्ता यातलं तुमच्या मुलाला काय लागू होतं, ते तिथेच विचारा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर 'निरामय' नावाची वर्षाला एक लाखापर्यंतची आरोग्यविम्याची योजना आहे.

आपल्या मंडईचंही एक सांगण्यासारखं आहे. ही इमारत १८८६ साली झाली. तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं. ती बांधण्याचा विचार चालला होता तेव्हा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेत सभासद होते. इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. १८८२ साली हंटर आयोगापुढेही त्यांनी मागितलं की निदान बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सगळ्यांना सक्तीचं करा. १८४८ साली जिथे मुलींची शाळा भरली, त्या भिडे वाड्याची जागा इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेव्हाही लोक म्हणत होते, मुलींना शिकवून काय उपयोग. आज आपल्या विशेष मुलांबद्दल तेच वाक्य ऐकू येतं.

आमच्यातल्या प्रत्येकीच्या मनात एक प्रश्न असतो. आमच्या मागं याचं काय? अठरा वर्षांनंतर ज्यांना गरज आहे, त्यांच्यासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्याची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. ते काम वेळेवर कराच. पण कागदाने सगळं भागत नाही. जो मुलगा आपला आपण जेवतो, कपडे घालतो, दुकानातून चहापत्ती आणतो, त्याला भाऊ-भावजय सांभाळायला कमी घाबरतात. गावातले चार दुकानदार त्याला नावाने ओळखत असतील, तर तो एकटा पडत नाही. म्हणून आम्ही मुलांना मंडईत आणतो. मुलं भाजी घ्यायला शिकतात, आणि गाळेवालेही मुलांशी बोलायला शिकतात. पहिल्या वेळी ते पैसे आमच्या हातात द्यायचे. आता मुलांच्या हातात देतात आणि थांबतात.

मेथीवाली ती मुलगी अजून हिशेब करत नाही. कदाचित करणारही नाही. पण ती जुडी निवडते, नोट देते, उरलेले पैसे घेऊन पाकिटाची चेन लावते. सातांतले पाच तुकडे तिचे झाले. 'केवढ्याला' हे अजून तिच्या आईला म्हणावं लागतं.

या आठवड्यात तुम्ही एक काम निवडा. त्याचे तुकडे पाडा, शेवटचा तुकडा मुलाला द्या, आणि थांबा. गटाच्या पुढच्या बैठकीत काय झालं ते एकमेकींना सांगा. आणि तुमच्या गावच्या बाजारच्या दिवशी मुलाला बरोबर न्या.