तारांची बोलकी जोडी

कारखान्यातल्या 10 मीटर उंच टाकीत पाणी किती आहे, हे लांबच्या कंट्रोल रूमला कसं कळतं? टाकीवरचा ट्रान्समीटर तारांच्या एका जोडीतला विजेचा प्रवाह कमी-जास्त करतो. टाकी रिकामी, तर 4 मिलिअँपिअर. काठोकाठ भरली, तर 20. अर्धी असेल, तर 12. मग सुरुवात शून्यापासून का नाही? कारण शून्य दिसलं, की ऑपरेटरनं ओळखायचं, टाकी रिकामी नाही, तार तुटलीय!

पण एवढ्यानं एकच आकडा कळतो. म्हणून 1980च्या दशकात अमेरिकेतल्या रोझमाउंट कंपनीनं ‘हार्ट’ हा प्रोटोकॉल आणला. त्याच प्रवाहावर दोन सूर चढवले: 1200 हर्ट्झ म्हणजे 1, 2200 हर्ट्झ म्हणजे 0. या सुरांची सरासरी शून्य, त्यामुळे मूळ मापाला धक्का लागत नाही. वेग सेकंदाला अवघा 1200 बिट. पण यंत्राचा टॅग नंबर, मापनाची रेंज, सेन्सरमधला बिघाड, सगळं टाकीवर न चढता समजतं. नवी केबल न ओढता जुन्याच तारा बोलक्या झाल्या!