मृत्यूच्या उंबरठ्यावरील अनुभव आणि आत्मा



हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेले काही रुग्ण दिव्य प्रकाश, गाढ शांती वा दिवंगत आप्तांची भेट असे अनुभव सांगतात. नेदरलँड्समधील डॉ. पिम व्हॅन लोमेल यांनी अशा ३४४ रुग्णांचा केलेला अभ्यास २००१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ६२ जणांना, म्हणजे १८ टक्क्यांना, असे अनुभव आले होते. यावरून ईश्वर वा आत्मा सिद्ध होतो काय?

जैन दर्शन जगत्कर्ता ईश्वर मानीत नाही. तेव्हा तो प्रकाश ईश्वराचा पुरावा ठरत नाही. आत्म्याविषयीही विवेक हवा. आयुष्यकर्म संपल्याविना मरण नाही, आणि ते संपल्यावर जीव त्या देहात परतत नाही. म्हणजेच परतलेला रुग्ण मरण पावलेलाच नसतो. त्याच्या कथनाने शोकाकुलांस धीर मिळो. परंतु श्रद्धेचा पाया त्यावर रचू नये.

आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात उपयोग, अर्थात ज्ञान व दर्शन, हेच जीवाचे लक्षण सांगितले आहे. मरणाच्या दारी प्रकाश जाणणारा जो, तोच या क्षणी सभागृहात हे शब्द जाणीत आहे. त्याच्या शोधासाठी मृत्यूची वाट कशाला पाहावी? सामायिकाची ४८ मिनिटे प्रत्येकाच्या हाती आहेत.

जय जिनेंद्र!