गाडी उंच केली, ब्रेकच्या पाइपाचं काय?



पावसाळा तोंडावर आला की नागोठणे, खांब, कोलाड या पट्ट्यात थार, जिप्सी किंवा जुनी जीप दोन-तीन इंच उंच करून घ्यायची हौस अनेकांना येते. स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे बसतात, लांब शॉकअब येतात, मोठे टायर चढतात. ब्रेकचा पाइप मात्र जुनाच राहतो, नाहीतर घरच्या घरी कसातरी ‘जमवला’ जातो. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

मास्टर सिलिंडरपासून चासीवरून ब्रेक ऑइल धातूच्या पाइपातून येतं. चाकाजवळचा शेवटचा तुकडा रबरी होजचा असतो, कारण चाक सतत वरखाली होतं. मूळ गाडीत चाक जेवढं खाली लोंबू शकतं, त्या हिशेबानेच कंपनी होजची लांबी ठरवते. गाडी उंच केली आणि शॉकअब लांब घातले की चाक आणखी खाली जातं. सपाट रस्त्यावर उभ्या गाडीत होज सैलच दिसतो, म्हणून आपण फसतो. शेताच्या बांधावर एक चाक चढलं आणि दुसरं अधांतरी लटकलं की तोच होज ताणला जातो. तेव्हा तुटला नाही, तरी आतून चिरतो, आणि पुढे याच पट्ट्यातली सुकेळी खिंड उतरताना जोरात ब्रेक मारला की फुटतो. ब्रेकचे दोन सर्किट असलेल्या गाडीत एक शिल्लक राहतं खरं, पण पेडल खोल जातं आणि गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं.

यावरचे घरगुती उपाय तुम्ही पाहिले असतील. कुणी डिझेलचा रबरी पाइप क्लिपने आवळून मध्ये जोड देतं. टायरमध्ये हवेचा दाब साधारण 2 बार असतो. जोरात ब्रेक मारल्यावर ब्रेकच्या पाइपात ऑइलचा दाब 70 ते 100 बारपर्यंत जातो. तिथे क्लिप टिकत नाही. शिवाय डिझेलचं रबर ब्रेक ऑइलने फुगतं. कुणी फ्रिजची तांब्याची नळी वापरतं. साधं तांबं सततच्या थरथरीने कडक होतं आणि वाकाच्या जागी तडकतं. कुणी दोन होज एकमेकांना जोडतं. प्रत्येक जोड म्हणजे गळतीची नवी जागा, आणि लोंबणारा जोड दगडाला अडकतो.

मग करायचं काय? आधी मोजा. गाडी सपाट जागी घ्या, पुढच्या चाकांना दगड लावा, चासीखाली भक्कम घोड्या द्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. मागची चाकं पूर्ण लोंबू द्या आणि होजला ताण येतो का पाहा. मग दगड मागच्या चाकांना लावून पुढेही तेच करा, आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. चाक पूर्ण वर दाबलं गेल्यावर होज टायरला किंवा स्प्रिंगला घासता कामा नये. लांबी कमी पडत असेल तर त्याच गाडीच्या मापाचा, तयार दाबलेल्या टोकांचा, अखंड लांब होज घ्या. होज ज्या पोकळ बँजो बोल्टने आवळतात, त्याचे तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घाला. धातूच्या पाइपाच्या टोकाची फुली, म्हणजे पसरवलेलं तोंड (फ्लेअर), दोन प्रकारची असते. दोन्ही एकमेकांत आवळल्या तर जातात, पण गळतात.

काही गाड्यांत मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगला दांड्याने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गाडी उंच झाली की त्याला गाडी रिकामी आहे असं वाटतं आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. त्याचा दांडा जुळवून घ्या.

शेवटी, होज बदलताना पाइपात शिरलेली हवा काढणं. पारदर्शक नळीचं एक टोक चाकाजवळच्या हवा काढायच्या निपलला, दुसरं ब्रेक ऑइल घातलेल्या बाटलीत. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा उघडायचा, आणि पेडल सोडण्याआधी बंद करायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवा, आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल संपू देऊ नका. ऑइल सीलबंद डब्यातलंच हवं. डॉट 4 ऑइल कोरडं असताना किमान 230 अंशांना उकळतं. हवेतलं पाणी शोषल्यावर हा आकडा 155 पर्यंत उतरू शकतो. आपल्या दमट कोकणात उघडा पडलेला डबा वापरूच नका.

कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रायगडची, म्हणजे एमएच-06 ची गाडी असेल तर काम सुरू करण्याआधी पेणच्या आरटीओत विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

काम झाल्यावर मोकळ्या मैदानात हळू वेगात ब्रेक तपासा, मग सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून ओल दिसते का पाहा. आणि गाडी उंच करायचा खर्च विचाराल, तेव्हा होजचा भाव आधी विचारा. तो परवडत नसेल तर गाडी आहे त्या उंचीवरच ठेवा.